ध्रुव दिसेनासा झालेली गच्ची

ध्रुव अढळ आहे, हे विधान आमच्या नारायण पेठेत २०१७ सालापर्यंत खरे होते. त्या वर्षी आमच्या उत्तरेला, दोन वाडे सोडून, एक नवी इमारत उभी राहू लागली. स्लॅबवर स्लॅब चढत गेले. दिवाळीच्या सुमारास एका रात्री मी नेहमीप्रमाणे दुर्बिणीच्या स्टँडचा दांडा ध्रुवाकडे रोखायला गेलो, तर ध्रुवाच्या जागी कुणाच्या तरी होऊ घातलेल्या बेडरूमची भिंत होती. बापाच्या मांडीवरून ध्रुवाला सावत्र आईने उठवले, ही गोष्ट आपण लहानपणी ऐकलेली असते. आमच्या ध्रुवाला बिल्डरने उठवले.

वाचकहो, तुम्ही म्हणाल की पेठेत राहणाऱ्या माणसाने आकाशाकडे पाहायचेच कशाला? खाली लक्ष्मी रस्त्याचा झगमगाट, वर गच्च्यांवरचे दिवे, गणपतीत तर रात्र झाली हे घड्याळ बघून समजायचे. आकाशदर्शनाच्या सहली निघतात त्या गावाबाहेर, अंधाऱ्या माळावर. ते अगदी बरोबर आहे. देवयानीतली दीर्घिका किंवा एखादा पुसट तेजोमेघ पाहायचा असेल तर पेठेचे नाव काढू नये. पण ग्रहांची गोष्ट निराळी आहे. गुरू, शनी, मंगळ ही मंडळी मुळातच इतकी तेजस्वी की रस्त्यावरच्या दिव्यांची त्यांना पर्वा नाही. ग्रहांची छायाचित्रे घेणाऱ्याला अंधार लागत नाही. त्याला लागते स्थिर हवा. आणि ग्रह आकाशात जितका उंच, तितका त्याच्या आड येणारा हवेचा थर पातळ.

इथे पुण्याची बाजू भक्कम आहे. आपण साडेअठरा अंश अक्षांशावर राहतो, त्यामुळे चंद्र आणि ग्रह ज्या वाटेने जातात ती वाट आपल्या जवळजवळ डोक्यावरून जाते. २०१८ साली शनी धनू राशीत होता, तेव्हा लंडनमधल्या माणसाला तो क्षितिजावर जेमतेम सोळा अंश दिसे, धुराड्यांच्या रांगेत. आम्हाला तोच शनी पन्नास अंशांच्या आसपास. डेमियन पीच नावाचा एक इंग्रज आहे, ग्रहांचे चित्रण करण्यात जगात नावाजलेला. तो आपली दुर्बीण घेऊन बार्बाडोस बेटावर जाऊन चित्रे घेऊन आला, कारण तिथे ग्रह डोक्यावर येतात. आम्हाला त्यासाठी जिन्याच्या बावीस पायऱ्या चढाव्या लागतात.

मात्र डोक्यावर आलेला ग्रह दिसतो केवढा, हेही सांगायला हवे. गुरू अगदी जवळ असतो तेव्हाही पूर्णचंद्राच्या चाळिसाव्या हिश्श्याएवढा. पत्र्या मारुतीच्या चौकात कुणीतरी जुना, मोठा रुपया हातात धरून उभे राहावे आणि आपण शंभर-सव्वाशे मीटरवरून त्यावरचे सिंह मोजावेत, असा हा प्रकार आहे. त्यातून मधली हवा सतत हलणारी. तापलेल्या तव्यापलीकडची भिंत जशी थरथरते, तसा गुरू थरथरत असतो.

मी काही शास्त्रज्ञ नव्हे. चिंचवडच्या एका कारखान्यात टूलरूममध्ये तेहेतीस वर्षे काढली. आकाशाचे वेड लागले ते जुलै १९९४ मध्ये. शूमेकर-लेव्ही ९ या धूमकेतूचे वीसच्यावर तुकडे १६ ते २२ जुलै या आठवड्यात एकामागून एक गुरूवर आदळणार होते. अशी टक्कर माणूस प्रथमच डोळ्यांनी पाहणार होता. वर्तमानपत्रे भरभरून लिहीत होती. आणि आपल्याकडे ऐन पावसाळा! मी रोज संध्याकाळी छत्री घेऊन गच्चीवर जात असे आणि ढग पाहून परत येत असे. दुर्बीण नव्हतीच, पण नुसता ठिपका तरी दिसावा. नाही दिसला. पुढे आकाश मोकळे झाल्यावर मी टिळक स्मारक मंदिरात ज्योतिर्विद्या परिसंस्थेच्या दुर्बिणीतून गुरू पाहिला. ही संस्था १९४४ सालची. वाटाण्याएवढा गोळा, त्यावर दोन करडे पट्टे आणि एका ओळीत चार चंद्र. खाली उतरताना ठरवून टाकले की आपली दुर्बीण आपण करायची.

तेव्हा परदेशी दुर्बीण विकत घेणे मध्यमवर्गीय माणसाच्या स्वप्नातही नव्हते. हौशी माणसे आरसा घरी घासत. पुण्यात शिकवणारी मंडळी होती, आयुकातही कार्यशाळा होत. सहा इंच व्यासाच्या दोन जाड काचा घ्यायच्या, एक खाली पक्की बसवायची, मध्ये कार्बोरंडमची पूड आणि पाणी घालून वरची काच तिच्यावर घासायची. घासता घासता पिंपाभोवती फिरत राहायचे. वरची काच हळूहळू खोलगट होते, खालची फुगीर. पूड बारीक करत जायचे आणि शेवटी डांबरासारख्या पिचवर चकाकी आणायची. पिच वितळवण्यासाठी मी सौ.चे एक पातेले नेले. ते पुन्हा ओट्यावर आले नाही आणि त्याचा उल्लेख आमच्या घरात अजून होतो.

टूलरूमच्या माणसाला त्या आरशाने नम्र केले. आमच्या यंत्रांवर आम्ही मायक्रॉनच्या गोष्टी करायचो, छाती फुगवून. इथे आरशाचा पृष्ठभाग मिलिमीटरच्या दहा हजाराव्या भागाइतकासुद्धा चुकून चालत नाही आणि ते काम होते नुसत्या हातांनी, चाळीतल्या बोळात फिरून! पाच महिन्यांनी एका ब्लेडच्या धारेने आणि बारीक छिद्रातून येणाऱ्या उजेडाने तो आरसा तपासला तेव्हा छाया सारखी पडलेली दिसली. लग्नाच्या दिवशीही मी इतका हसलो नव्हतो, असे सौ.चे मत आहे.

दुर्बीण झाली, आता फोटो. कॅमेरा जुना, त्यात फिल्म. दुर्बिणीमागे कॅमेरा बांधायचा, श्वास रोखायचा आणि सेकंदभर पडदा उघडायचा. त्या सेकंदात हवा स्थिर असेल तर नशीब. छत्तीस फोटोंचा पहिला रोल मी धुवायला दिला. दोन दिवसांनी पाकिटात निगेटिव्ह होती आणि तीन प्रिंट, तिन्ही मुलाच्या मुंजीच्या. दुकानदार समजुतीने म्हणाला, "काका, बाकीचे सगळे काळे आलेत. मधोमध नुसता एकेक ठिपका. तुमचे पैसे वाचवले." पुढे मी पाकिटावर लाल शाईने 'ठिपके छापावेत' असे लिहून देऊ लागलो. दहा वर्षांत हाताशी बऱ्यापैकी आले असतील ते चार ठिपके.

या हौसेला पुण्यात परंपरा मोठी आहे, हे मला फार उशिरा कळले. कॉलेज ऑफ सायन्समध्ये, म्हणजे आजच्या सीओईपीत, प्रा. कावसजी दादाभाई नायगमवाला यांनी भावनगरच्या महाराजांच्या देणगीतून वेधशाळा उभारली होती. महाराजा तख्तसिंहजी वेधशाळा तिचे नाव. तिथे डब्लिनच्या ग्रब कंपनीची वीस इंची दुर्बीण होती, त्या काळी हिंदुस्थानातली सर्वांत मोठी. २२ जानेवारी १८९८ च्या खग्रास सूर्यग्रहणाला नायगमवाला आपली उपकरणे घेऊन जेऊरला गेले होते. त्याच सुमारास, १८९३ साली, लोकमान्यांचा 'ओरायन' हा ग्रंथ प्रसिद्ध झाला होता. मृग नक्षत्रावरून वेदांचा काळ काढणारा. १९१२ साली ती वेधशाळा बंद झाली आणि उपकरणे कोडाईकनालला गेली. सीओईपीवरून जाताना मी अजून स्कूटर हळू करतो. वीस इंची दुर्बीण! आणि इथे आम्ही सहा इंचांसाठी पातेली जाळली.

सध्याची माझी दुर्बीण आठ इंची आहे. आरसा विकतचा, बाकी सगळे घरचे. नळी पीव्हीसीची, नटबोल्ट बोहरी आळीतले, स्टँड मित्राच्या लेथवर कातलेला. आणि ज्याला लोक 'दुर्बीण लावणे' म्हणतात, ते खरे काम इथून पुढे सुरू होते. दुर्बीण कितीही भारी असो, ती नीट मांडली नाही तर गुरूऐवजी उकडीचा मोदक दिसतो.

पहिली गोष्ट, गार होणे. आरसा म्हणजे जाड काच. दिवसभर घरात तापलेली काच गच्चीवर आणली की तिच्यातून उष्ण हवा नळीभर वर चढत राहते. म्हणून संध्याकाळी सातलाच दुर्बीण वर नेऊन ठेवायची आणि दीड-दोन तास तिच्याकडे ढुंकून पाहायचे नाही. तपकीर गल्लीतून आणलेला संगणकाचा एक छोटा पंखा मी आरशामागे बसवला आहे. पण गच्चीचे काय? उन्हात तापलेला स्लॅब मध्यरात्रीपर्यंत उष्णता सोडत असतो. एकदा मी त्यावर पाणी शिंपडले. पाणीकपातीचे दिवस होते. दुसऱ्या दिवशी जिन्यात कुणी माझ्याशी बोलले नाही. आता मी गोणपाट अंथरतो आणि मध्यरात्रीची वाट पाहतो.

दुसरी गोष्ट, पाय कुठे टेकवायचे. स्लॅबच्या मधोमध स्टँड ठेवला तर जिन्यातून कुणी वर आले तरी गुरू उडी मारतो. म्हणून आमचा स्टँड नैऋत्येच्या कोपऱ्यात, कॉलमच्या डोक्यावर, जिथे दोन बीम मिळतात तिथे उभा राहतो. केळकर रस्त्यावरून जड गाडी गेली तर कळते, पण ती जाते निघून. ढोलपथकांचा सराव मात्र दोन महिने चालतो. पडद्यावर शनी ठेक्यात हलताना मी पाहिला आहे. वाजवणाऱ्यांत आमच्याच बिल्डिंगमधली दोन मुले असल्याने बोलायची सोय नाही.

तिसरे, दोन्ही आरसे एका रेषेत आणणे. यासाठी बाजारात लेसरची उपकरणे मिळतात. मी फिल्मच्या रिकाम्या डबीच्या बुडाला मधोमध बारीक भोक पाडून वापरतो. त्या भोकातून पाहिले की आरशांची वर्तुळे एकात एक बसली आहेत की नाही ते समजते. नाही तर मागचे तीन स्क्रू थोडे थोडे फिरवायचे. नंतर एखाद्या ताऱ्यावर रोखून पक्के करायचे. चुकीच्या रेषेतल्या मोठ्या दुर्बिणीपेक्षा रेषेत असलेली लहान दुर्बीण बरी, हे मी नव्या मुलांना ओरडून सांगतो. ती मात्र मोठ्या दुर्बिणीची किंमत विचारतात.

आणि चौथा ध्रुव. पृथ्वी फिरते, म्हणून ग्रह दुर्बिणीतून निसटतो. त्याचा पाठलाग करायचा तर स्टँडचा एक आस पृथ्वीच्या आसाला समांतर हवा, म्हणजे ध्रुवाकडे रोखलेला, जमिनीशी साडेअठरा अंशांवर. मग एक छोटी मोटर पुरते. आमचा ध्रुव भिंतीआड गेला. होकायंत्राची सुई स्लॅबमधल्या लोखंडाने बावचळते. तेव्हा जुनीच एक युक्ती उरते. माथ्याच्या दक्षिणेला, मध्यान्हरेषेजवळ एखादा तारा भिंगातल्या फुलीवर धरायचा आणि मोटर चालू ठेवून बघत बसायचे. पाच मिनिटांत तो फुलीच्या वर सरकला तर स्टँड किंचित एका बाजूला वळवायचा, खाली सरकला तर दुसऱ्या. मग पूर्वेकडच्या ताऱ्यावर हेच पुन्हा, उंचीसाठी. नोव्हेंबर २०१७ मधल्या दोन सबंध रात्री मी यात घालवल्या. आस जुळला तेव्हा पहाटेचे चार वाजले होते. मी तिन्ही पायांच्या जागी लाल ऑइलपेंटने ठिपके काढले. त्या ठिपक्यांवर पाय ठेवले की आमची दुर्बीण भिंतीपलीकडच्या ध्रुवाकडे बरोबर पाहते.

यानंतर कॅमेरा. फिल्मचा जमाना संपला तो २००४ मध्ये. मुलाने संगणकासाठी घेतलेल्या वेबकॅमचे भिंग मी काढले आणि तो डबीत बसवून दुर्बिणीला लावला. मुलगा काही बोलला नाही, कारण त्या रात्री पडद्यावर शनी आला. फोटो नव्हे, चलचित्र. युक्ती अशी की एक फोटो घ्यायचाच नाही. दोन मिनिटांत हजारो घ्यायचे. आजचा कॅमेरा सेकंदाला शंभराच्या आसपास चित्रे घेतो, म्हणजे दोन मिनिटांत बारा हजार. त्यांतल्या बहुतेकांत हवेने ग्रह वाकडातिकडा केलेला असतो. पण अधूनमधून, क्षणाच्याही छोट्या तुकड्यात, हवा थांबते. संगणक ती चांगली चित्रे निवडतो, एकावर एक बेतून रचतो आणि त्यांतून धारदार चित्र काढतो. हे काम करणारी रेजिस्टॅक्स नावाची प्रणाली नेदरलँड्समधल्या एका हौशी माणसाने लिहिली आणि जगाला फुकट वाटली. दोनच मिनिटे का, तर गुरू दहा तासांच्या आतच स्वतःभोवती फिरतो. जास्त वेळ घेतला तर त्याचे डाग पुसट होतात. आणि हे सगळे कशावर? कॅमेऱ्याच्या चकतीवर पडणारी गुरूची प्रतिमा खसखशीच्या दाण्याएवढी असते. ती नेमकी स्पष्ट करायला चक्र केसाएवढे फिरवावे लागते. त्या चक्राला मी कपड्यांचा चिमटा लावला आहे. चिमट्याचे टोक ढकलले की चक्र हळूच फिरते आणि दुर्बीण हलत नाही. चिमटाही सौ.चाच.

लॅपटॉपवर नात बसते. दहा वर्षांची आहे. "आजोबा, थांबा, हवा नाचतेय," असे ती सांगते आणि मी थांबतो.

याचा उपयोग काय, असा प्रश्न पुण्यात विचारला जातोच. १९ जुलै २००९ च्या रात्री ऑस्ट्रेलियात अँथनी वेस्ली हा हौशी माणूस घरामागच्या साडेचौदा इंची दुर्बिणीने गुरूचे चित्रण करत होता. त्याला दक्षिण ध्रुवाजवळ एक काळा डाग दिसला, आदल्या वेळी नसलेला. गुरूवर पुन्हा काहीतरी आदळले होते आणि ते प्रथम त्याला दिसले. मग मोठमोठ्या वेधशाळा तिकडे वळल्या. २००६ साली फिलिपिन्सच्या सेबू शहरातल्या ख्रिस्तोफर गो या हौशी माणसाने गुरूवरचे एक पांढरे वादळ तांबडे होत असल्याचे दाखवून दिले. मोठ्या दुर्बिणींना रोज गुरूकडे पाहायला सवड नसते, ती गच्चीवरच्या माणसांना असते. माझ्या हातून असा शोध लागलेला नाही. पण गुरूवरचा तांबडा डाग, जो १९७९ साली व्हॉयेजरने मोजला तेव्हा तेवीस हजार किलोमीटर रुंद होता, तो २०१४ मध्ये हबलने मोजला तेव्हा साडेसोळा हजारांवर आला होता. वीस वर्षांची माझी चित्रे ओळीने लावली तर तो आकसताना आमच्या गच्चीवरूनही दिसतो.

आता काकूंविषयी. गच्चीच्या खाली, तिसऱ्या मजल्यावर काकू राहतात. वय चौऱ्याऐंशी. आमची बिल्डिंग पानशेतच्या पुरात पडलेल्या वाड्याच्या जागेवर उभी आहे आणि काकूंनी तो वाडा, १९६१ चा तो १२ जुलै आणि नंतरची बिल्डिंग हे सगळे पाहिले आहे. माझे रात्रीचे सगळे उद्योग त्यांच्या छतावर चालतात. त्यांनी कधी तक्रार केली नाही. तक्रार आली ती शेजारच्या बिल्डिंगमधून, की हे गृहस्थ दुर्बिणीतून खिडक्यांत बघतात. मी कठड्यावर पाटी लावली: 'ही दुर्बीण आकाशाकडे आहे. आपल्या खिडकीत पाहण्यासारखे काही असल्यास कळवावे.' त्यानंतर तक्रार आली नाही.

२१ डिसेंबर २०२० च्या संध्याकाळी गुरू आणि शनी इतके जवळ आले की दोघांत पूर्णचंद्राच्या व्यासाचा पाचवा हिस्सा अंतर उरले. सूर्य मावळल्यावर अलका टॉकीजच्या अंगाला ते दिसत होते. तोंडाला मुखपट्ट्या बांधून, अंतर राखून, सगळी बिल्डिंग गच्चीवर रांगेत उभी होती. काकू कठडा धरत वर आल्या. दर शनिवारी मारुतीला तेल घालण्याचा त्यांचा नेम. साडेसातीत त्यांच्या घरात बरेच काही घडून गेले आहे. त्या भिंगाला डोळा लावून बराच वेळ वाकून राहिल्या. मागची रांग चुळबुळ करू लागली. मग त्या सरळ झाल्या आणि म्हणाल्या, "अरे, हा तर दागिन्यासारखा आहे. याला वाईट कोण म्हणालं?" पुढच्या शनिवारी त्या तेल घेऊन गेल्याच.

त्यानंतर त्यांचे गुडघे बिघडले. वर येणे थांबले, मग खाली जाणेही. मी चित्रे कागदावर छापून त्यांना दाखवायला नेऊ लागलो. मार्च २०२५ मध्ये शनीची कडी आपल्या नजरेच्या अगदी रेषेत आली आणि दिसेनाशी झाली. दर पंधराएक वर्षांनी ती अशी जातात. त्या पावसाळ्यानंतर मी घेतलेल्या चित्रात नुसती एक सुई गोळ्यातून आरपार गेल्यासारखी दिसत होती. काकूंनी कागद लांब धरून पाहिला. "कडं उतरवून ठेवलंय वाटतं," म्हणाल्या.

पुनर्विकासाची पहिली सभा त्याच वर्षी एप्रिलमध्ये आमच्या पार्किंगमध्ये झाली. अकरा मजले, लिफ्ट, प्रत्येकाला वाढीव जागा. चौदा घरे. तेरा सह्या महिन्याभरात झाल्या. चौदावी माझी. मी आर्किटेक्टला विचारले, "गच्चीचं काय?" तो म्हणाला, "गच्चीवर सोलर पॅनेल, पाण्याच्या टाक्या आणि लिफ्टची मशीनरूम." मी म्हटले, मशीनरूम म्हणजे हादरे. तो नम्रपणे म्हणाला, "काका, उंच बिल्डिंग वाऱ्यानेही थोडी हलते." मला एक कोपरा हवा होता, दोन मीटर लांब, दोन मीटर रुंद, कॉलमवर. त्याने वहीत लिहून घेतले. मी सही दिली नाही. कागद नीट वाचतो म्हणून सांगितले आणि पाच महिने वाचत राहिलो. कुणी तोंडावर काही बोलले नाही, पण जिन्यातले बोलणे पुन्हा थांबले. मला माझी वीस वर्षे आणि ते तीन लाल ठिपके दिसत होते. अकराव्या मजल्यावरून ध्रुव परत दिसेल, हेही कळत होते. दिसेल, पण रोखायचा कुठून?

सप्टेंबरच्या शेवटी एका सकाळी काकूंना धाप लागली. रुग्णवाहिका आली, ती बोळाच्या तोंडाशी थांबली. स्ट्रेचर आमच्या जिन्यात वळत नाही. मग स्वयंपाकघरातल्या खुर्चीवर बसवून, ओढणीने बांधून, चौघांनी त्यांना खाली नेले. त्यांत मी होतो, मागचा उजवा पाय माझ्याकडे. प्रत्येक वळणावर खुर्ची तिरपी होई आणि त्या माझे मनगट पकडत. एकूण छप्पन्न पायऱ्या. खाली पोचल्यावर त्या मला म्हणाल्या, "हळू रे. दुर्बीण नेतोस तशी ने."

आठ दिवसांनी त्या घरी आल्या, पुन्हा खुर्चीतूनच. त्या संध्याकाळी मी कागदांवर सही केली.

मार्चअखेर जागा रिकामी करायची ठरले. म्हणजे एक हिवाळा हातात होता आणि त्यात गुरू. १० जानेवारी २०२६ ला गुरूची प्रतियुती होती. मिथुन राशीत, पुनर्वसूच्या ताऱ्यांजवळ, रात्री पाऊणच्या सुमारास अगदी माथ्यावर. इतका माथ्यावर की नळी सरळ उभी राहते आणि भिंगापाशी पोचायला स्टूल लागते. मी जानेवारीतल्या जवळजवळ सगळ्या रात्री वर होतो. पहिल्या आठवड्यात आकाश आरशासारखे स्वच्छ होते, तारे लुकलुकत होते, आणि चित्रे वाईट. लुकलुकणारे तारे कवींना आवडतात, आम्हाला नाही. मग एका रात्री किंचित धुरकट झाले, वारा पडला, नदीच्या बाजूने थोडे दमट वाटू लागले. नात शाली गुंडाळून बसली होती. साडेबाराला ती म्हणाली, "आजोबा, हवा थांबली."

खरोखर थांबली होती. पडद्यावर गुरू चित्रासारखा उभा होता. पट्ट्यांच्या कडेने निळसर धागे, त्यांची वळणे, आणि डावीकडून आत येणारा तांबडा डाग, त्याच्याभोवतीच्या पांढऱ्या पोकळीसकट. इतका स्थिर गुरू मी तीस वर्षांत चार-पाच वेळाच पाहिला असेल. दोन मिनिटे, मग पुन्हा दोन मिनिटे. आम्ही दोघे स्टूलवरून हललो नाही, कारण हललो असतो तर खालचे छत वाजले असते. पावणेदोनला हवा पुन्हा नाचू लागली. नातीने एकोणीस चलचित्रे मोजून सांगितली.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांतले एक रचून, छापून काकूंकडे नेले. त्या पलंगावर बसल्या होत्या. सामानाची खोकी भिंतीला लागली होती. त्यांनी चष्मा पुसला, कागद हातात घेतला आणि उलटा धरला. मी म्हटले, "काकू, दुर्बिणीत उलटंच दिसतं, तुम्ही धरलात तसं. मी छापताना सुलटं करतो."

"म्हणजे मी धरलंय ते खरं?"

"दुर्बिणीतलं खरं."

त्यांनी तो तसाच उलटा, खोक्यावर, औषधांच्या डब्याला टेकवून ठेवला. "काल रात्री बराच वेळ तुमचा आवाज नव्हता," त्या म्हणाल्या. "मला वाटलं, झोपलात की काय दोघं."